मनोरा आढ्यावर

वेलबरी, मॅसॅच्युसेट्स
११ सप्टेंबर १७९०

सायलस यास,

हे पत्र कामाचे आहे, म्हणून कामापुरतेच लिहितो. माझी प्रकृती ठीक आहे. तू विचारली नाहीस, पण जहाजाच्या मालकाची प्रकृती कप्तानाला ठाऊक असावी.

गावातले प्रार्थनाघर हलवले. टेकडीवरचे जुने मोडून वरच्या रस्त्याला, मी दिलेल्या जमिनीवर नवे बांधले. मार्चच्या गावसभेत ठराव एकाहत्तर विरुद्ध अठ्ठावन्न मतांनी मंजूर झाला. मनोरा मात्र मी मोडू दिला नाही. मे महिन्यात तो उतरवून आडवा केला, अडतीस जोड्या बैल जुंपले, आणि ओंडक्यांवरून घरंगळत दोनशे बारा यार्ड उत्तरेला नेऊन नव्या इमारतीवर चढवला. टोकावरचा सोनेरी मासा तोच आहे, त्याच्या शेपटीचा पोचाही तोच. समुद्रावरून पाहणाऱ्याला काही बदलले आहे असे वाटणारच नाही.

लिहिण्याचे कारण तेच आहे. 'मनोरा आढ्यावर' हे तू नीट चालायला लागण्याआधी शिकलास. आपल्या वखारीच्या लाल आढ्यावर मनोरा नेमका बसलेला दिसला, की डाव्या हाताचे दंताळे आणि उजव्या हाताची बहिरी या दोन खडकांमधून जहाज सुखरूप आत येते. ते आता विसर. आता मनोरा आढ्यावर धरशील तर थेट दंताळ्यावर जाशील. यापुढे आत येताना मनोरा आढ्याच्या उजवीकडे दिसला पाहिजे, आणि दोघांच्या मध्ये वखारीच्या रुंदीइतके आकाश मोकळे दिसले पाहिजे. मी तीन दिवस होडीत बसून स्वतः मोजले आहे. चूक नाही.

गावातल्या प्रत्येक होडीला हे ठाऊक झाले आहे. बोस्टनच्या वर्तमानपत्रातही छापून आले. ज्याला ठाऊक नाही असे एकच जहाज आहे. ते चीनमधल्या कँटनहून येताना हिंदी महासागरातल्या आइल ऑफ फ्रान्स बेटावर पाणी भरेल, म्हणून हे पत्र 'पॉली' गलबताने तिथे धाडतो आहे.

ईनॉक थर्लो

ता. क. माझा बाक आता पहिला आहे. व्यासपीठाच्या डाव्या हाताला.


बोस्टन
२४ जानेवारी १७९१

सायलस यास,

विधानसभेच्या कामासाठी तीन आठवडे इथे आहे. खोली थंड आहे, जेवायला रोज उकडलेले बीफ आणि सलगम, आणि शेजारच्या खोलीतला सभासद भाषणाची तालीम मोठ्याने करतो. त्याचे व्याकरण चुकते. तो हार्वर्डला शिकलेला आहे.

माझे विधेयक काल संमत झाले. समुद्रावरच्या माणसाला वाट दाखवणारी कुठलीही खूण, मग ती मनोरा असो, झाड असो की खाजगी इमारत, गावसभेच्या परवानगीवाचून जो हलवील वा पाडील, त्याला दंड आणि सहा महिने तुरुंग. मसुदा अक्षर न् अक्षर माझा. एका वकिलाने विचारले, "मिस्टर थर्लो, कायदा कुठं शिकलात?" मी म्हटले, "पिंपं बांधता बांधता." हसला, पण त्याला एक स्वल्पविरामही बदलता आला नाही.

खुणांविषयी पुन्हा लिहीत नाही. एकदा लिहिले ते पुरे.

तुझी बायको थँकफुल प्रार्थनेला येते. मागे बसते, आपल्या बापाशेजारी. मांडीवर मूल असते. मुलगी आहे असे ऐकतो. मी वळून पाहत नाही. पहिल्या बाकावरच्या माणसाने वळून पाहायचे नसते.

ई. थ.


वेलबरी
१७ एप्रिल १७९१

सायलस,

काल सेलमचा एक कप्तान इथे उतरला. त्याने सांगितले की नोव्हेंबरात केप ऑफ गुड होपच्या अलीकडे त्याने 'पॉली' उलटी तरंगताना पाहिली. तळ वर, आसपास माणूस नाही. मागच्या कठड्यावरचे नाव त्याने दोनदा वाचले होते.

म्हणजे माझे पत्र तुला मिळालेले नाही.

व्यापारी माणूस कुठल्याही पत्राच्या तीन प्रती करतो आणि तीन जहाजांनी धाडतो. चहाच्या पेट्यांविषयी लिहिताना मी हा नियम पंचवीस वर्षांत एकदाही मोडला नाही. तुला मात्र एकच प्रत धाडली. तीन धाडल्या असत्या तर विनवणी केल्यासारखे दिसले असते.

आणखी एक गोष्ट त्या पत्रात नव्हती. ठरावाच्या आधी तुझे सासरे, पेलेग काका, वखारीत आले होते. चाळीस वर्षे या बंदरात जहाजे आत आणणारा वाटाड्या. पण मी त्यांना बसा म्हटले नाही. ते उभ्यानेच म्हणाले, "ईनॉक, तुम्ही मनोऱ्याकडं बघून देवाला भेटत असाल. आम्ही त्याच्याकडं बघून घरी येतो."

"नवी खूण मी होडीवाल्यांना शिकवीन, काका."

"आणि जो इथं नाही त्याला?"

"त्याला लिहीन."

"कधी?"

त्यांना मी दार दाखवले. सभेत प्रार्थनाघराचा कारभारी डीकन हॉली उठून म्हणाला, "पिंपवाला आता देवालाही फळ्यांत बांधून स्वतःच्या दारात नेणार!" सगळे हसले. त्या हसण्याने मला अकरा मते मिळाली असतील, कारण हसणाऱ्यांतल्या अनेकांचे बाप जुन्या प्रार्थनाघरात माझ्यासारखेच मागे बसायचे, आणि हसता हसता तो टोमणा त्यांनाही लागला. पुढचे बाक पिढ्यान् पिढ्या हॉलींचे आणि त्यांच्यासारख्या पाच घरांचे. बारा वर्षांचा होतो तेव्हा मला सज्जातली शेवटची जागा होती, खांबाच्या मागे. धर्मोपदेशक दिसायचा नाही. छपराला एक झरोका होता, त्यातून मनोऱ्याचा पोटाकडचा भाग दिसायचा, लाकडाचे जोड, खुंट्या. चार वर्षे मी तेच पाहिले. बाक कुठलाही विकत मिळत नव्हता. मग मी प्रार्थनाघरच दुसरीकडे बांधले आणि मनोरा तोच हवा म्हणून हट्ट धरला. नवा मनोरा वेगळा दिसला असता, सायलस. वेगळा दिसला असता तर तू दुरूनच सावध झाला असतास.

जूनमध्ये कप्तान ब्रॅग आइल ऑफ फ्रान्सला निघाला होता. धक्क्यावर थैली उघडी धरून म्हणाला, "स्क्वायर, पोराला दोन ओळी?" मी म्हटले, "आधी त्याच्या दोन ओळी येऊ देत." धक्क्यावरची माणसे हसली. मला बरे वाटले. ब्रॅग सुखरूप पोहोचला आणि सुखरूप परत आला.

तू पत्र पाठवायचे कारणच नव्हते. तीन दिवसांपूर्वी लग्न केलेल्या बायकोला घेऊन तू धक्क्यावर आला होतास आणि मी सगळ्या गावासमोर पाठ फिरवली होती. मालक आपल्या जहाजाला टोपी हलवून निरोप देतो. मी हलवली नाही. 'मेहिटेबल' हे तुझ्या आईचे नाव त्या जहाजाला मीच दिलेले, पण टोपी डोक्यावरच राहिली.

हे पत्र कुठे धाडू? तू आता निघाला असशील. वाटेत कुठलेही बंदर तुला गाठायला माझ्यापाशी उरलेले नाही.

तुझा बाप


वेलबरी
२० जून १७९१

सायलस,

उपाय सापडला. आठ आठवडे मी दुसरे काही केले नाही.

पत्र तुझ्यापर्यंत पोहोचू शकत नाही. मनोरा गावाचा आहे, तो मी हलवू शकत नाही. मागितले तर डीकन हॉली पोट धरून हसेल. पण वखार माझी आहे. तुझ्या डोक्यात 'मनोरा आढ्यावर' हेच आहे ना? मग तेच पुन्हा खरे करायचे. मनोरा उत्तरेला सरकला, वखारही सरकवायची, इतकी मोजून, की नव्या मनोऱ्याखाली नवे आढे आले की जहाज पुन्हा दंताळे आणि बहिरी यांच्या मधोमध असेल.

गणित मी पिंपाच्या फळ्यांवर खडूने मांडले, तीन वेगळ्या रीतींनी. तिन्हींचे उत्तर एकच आले, एकोणनव्वद यार्ड एक फूट. मोजणीसाठी पाच वेळा खडकांपर्यंत जाऊन आलो. गावसभेने परवानगी दिली आणि वखारीचे आढे ही बंदराची अधिकृत खूण म्हणून नोंदवली, माझ्याच कायद्याप्रमाणे. मग तेच अडतीस जोड्या बैल. बैलवाला म्हणाला, "स्क्वायर, तुमचं गाव बैलांना पाठ झालंय. पुढच्या वर्षी काय, समुद्र?"

काल पूर्ण झाले. पेलेग काकांनी होडी बाहेर नेली आणि जुन्या नियमाने आत आणली. दोन्ही हातांना खोल पाणी! धक्क्यावर उतरून म्हणाले, "आता मेलेला माणूससुद्धा आत येईल." दीड वर्षात ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले.

थँकफुल भिंतीपाशी उभी होती, कडेवर मुलगी. तिने विचारले, "मिस्टर थर्लो, आणि तुमचं पत्र त्याला मिळालं असेल तर?"

"पॉली बुडाली."

"पॉली बुडाली, हे ठाऊक आहे मला," ती म्हणाली, आणि वखारीच्या आढ्याकडे पाहत राहिली. वाटाड्याची मुलगी. समुद्राकडे पाहायचे ते डोळे, किनाऱ्याकडे पाहताना मला आवडले नाहीत.

गाव तुझ्या आठवणीप्रमाणे पुन्हा लावून ठेवले आहे. नेहमीसारखा ये.

बाबा


वेलबरी
१९ ऑगस्ट १७९१, रात्री

सायलस,

आज थँकफुल माझ्या घरी आली. पहिल्यांदाच. हातात तुझे पत्र होते. न्यूबरीपोर्टच्या एका वेगवान गलबताने आणलेले, एप्रिलमधले. ती दारातच उभी राहिली. मी बस म्हटले तरी बसली नाही. म्हणाली, "वाचते. मध्ये बोलू नका."

तुझी वाक्ये इथे उतरवून ठेवतो, कारण मला ती दुसरे काही सुचू देत नाहीत.

"पॉलीच्या माणसांना एका डच जहाजानं उचललं. कप्तानानं टपालाची थैली छातीला बांधली होती. बाबांचं पत्र खारट झालंय, पण अक्षर त्यांचं आहे, पुसलं जाईल कसं? तीनदा वाचलं. मायेचा एक शब्द शोधला, सापडला नाही. पण 'तीन दिवस होडीत बसून मोजले' असं लिहिलंय. थँकफुल, तुला ठाऊक नाही, गावातही कुणाला ठाऊक नाही. बाबांना पाणी सोसत नाही. वीस जहाजांचा मालक, पण धक्क्याला बांधलेल्या होडीतही ओकतात. म्हणून ते कधी कुणाबरोबर बाहेर जात नाहीत. ते माझ्यासाठी तीन दिवस होडीत बसले. त्यांना सांग, लहानपणापासून मी त्यांचं एक ऐकलं नाही. हे मात्र अक्षर न् अक्षर ऐकेन. डोलकाठी बदलून झाली की निघतो. घरी आलो की पहिल्यांदा त्यांच्या दारात जाऊ, तू, मी आणि लेकरू."

वाचून झाल्यावर तिने पत्राची घडी केली. मग म्हणाली, "मनोरा आढ्याच्या उजवीकडे, मध्ये वखारीची रुंदी. हेच लिहिलं होतंत ना?"

"हो."

"आता कोणी तसं आलं तर?"

मला फळी आणि खडू लागला नाही. वखार जुन्या जागी होती तेव्हा ते वाक्य तुला खडकांच्या मधून आणत होते. वखार सरकल्यावर तेच वाक्य तुला उजवीकडे नेते. बहिरीवर, नेमके. मी लिहिलेले खरे होते, आणि ते मीच खोटे केले.

"चला," ती म्हणाली. "आढं पाडायचंय. खूण दिसली नाही तर तो बाहेरच थांबेल. बाबा, उठा!"

तिने मला बाबा म्हटले हे घाबरून म्हटले, की तू लिहिले होतेस म्हणून, ते विचारायला वेळ नव्हता.

बैल मिळणार नाहीत. सगळे खाडीकडच्या गवतावर आहेत, गोळा करायला चार दिवस. आज कुऱ्हाडी, पहारी आणि चौदा माणसे जमवली. कॉन्स्टेबल अमोस पाइक कागद घेऊन आला. "स्क्वायर, ही बंदराची खूण आहे. सहा महिने तुरुंग. कायदा तुमचाच आहे."

"म्हणूनच मला पाठ आहे. लिही माझं नाव आणि कुऱ्हाड धर."

त्याने नाव लिहिले. मग कोट काढला.

अंधार पडेपर्यंत छपराची एक बाजू उघडी झाली आहे. आढे हलत नाही. त्या जोडांत ओकच्या खुंट्या आहेत, दुहेरी, पाण्यात भिजवून मारलेल्या. तीस वर्षांपूर्वी मी स्वतः मारल्या. सुतार म्हणाला होता, "एक पुरे." मी म्हटले होते, "माझ्या वखारीत एक पुरत नाही."


वेलबरी
२० ऑगस्ट १७९१

सकाळी साडेनऊ

सायलस,

'मेहिटेबल' दिसली. नव्या डोलकाठीचे लाकूड फिकट आहे, बाकी तीच.

वारा पूर्वेचा, जोराचा, तुझ्या पाठीचा. भरती अर्धी. सकाळी सहाला मी शिडीवरून पडलो. घोटा सुजून टोपीएवढा झाला आहे, आणि पाइकने मला उचलून या माडीवरच्या खिडकीपाशी आणून बसवले. दुर्बीण आहे, कागद आहे. हाताला काहीतरी काम हवे म्हणून लिहितो.

पेलेग काका आणि थँकफुल पहाटे उजाडताच होडी घेऊन निघाले. समोरचा वारा. चार तास वल्ही मारून ते अजून आतल्या टोकाशीच आहेत. एका लाटेला पुढे जातात, दोन लाटांना मागे येतात. ती उभी राहून काहीतरी पांढरे हलवते आहे. लेकरू खाली माझ्या स्वयंपाकघरात आहे, मोलकरीण तिला मक्याची लापशी भरवते आहे. तिचे नाव मर्सी आहे. आज कळले. नाक तुझ्या आईचे.

दहा वाजले

आढे अजून उभे आहे. त्यावर शीड टाकून लाल रंग झाकला होता, वाऱ्याने ते नेले. सगळी माणसे छपरावर आहेत. तुला दुर्बिणीतून काय दिसेल ते मला दिसते आहे: गाव छपरावर चढले आहे, कँटनहून आलेल्या जहाजाच्या स्वागताला.

मी तोफ उडवायला सांगितली, तू थांबावेस म्हणून. एक, मग लागोपाठ दोन. तू तीन उडवून उत्तर दिलेस. मग वरच्या रस्त्यावर कुणीतरी आनंदाने घंटा वाजवायला लागला. माझ्या मनोऱ्यातली. त्याला थांबवायला माणूस धाडला आहे.

दहा वाजून वीस

या खिडकीच्या उंबऱ्यावर मी जूनमध्ये एक खिळा मारला होता आणि धक्क्याच्या टोकाला खांब रोवला होता. खिळा, खांब आणि जहाज एका रेषेत दिसले की जहाज मधोमध आहे. खांबाच्या डावीकडे सरकले की ते बहिरीकडे चालले आहे. मोजणी करणाऱ्याने शंकेला जागा ठेवू नये.

आता तू रेषेत आहेस. पण अजून दोन मैल आहेत, आणि खुणा धरायची जागा आली नाही. तुझ्यापाशी दोन नियम आहेत. एक पेलेग काकांनी शिकवलेला, जो सगळ्या गावाचा आहे. दुसरा माझा. पहिला धर. खिशातला कागद फेकून दे. म्हण, म्हातारा पहिल्यापासून चुकतच आलाय, लग्नात चुकला, बाकासाठी चुकला, याच्यात कशाला बरोबर असेल? तू हे म्हणत आला आहेस. आठ वर्षांचा असताना म्हटले होतेस, मी कानफटात मारली होती. आज पुन्हा म्हण.

पंचवीस वर्षे मी प्रार्थनेत एकच मागितले, माझ्या पोराने माझे ऐकावे. ते मागणे मी आज परत घेतो. पहिल्या बाकावरून नाही, जमिनीवरून मागतो.

दहा वाजून पस्तीस

पाइक खालून ओरडतो आहे, "एक खुंटी निघाली, स्क्वायर!" अशा बावीस आहेत.

होडी टोकाच्या बाहेर गेली. पण फार खाली वाहवली, दंताळ्याच्या बाजूला. तुझी माणसे तिच्यावरून पलीकडे पाहतील, तिला नाही.

मी खिडकीतून टोपी हलवतो आहे. दोन वर्षांपूर्वी हलवायची होती ती. थांब, मागे फिर, असे म्हणतो आहे टोपीने. पुढच्या डोलकाठीपाशी निळ्या कोटातला माणूस उभा आहे, दुर्बीण लावून. त्याने टोपी काढली. तो टोपी हलवतो आहे, सायलस, हात पूर्ण वर करून.

दहा वाजून एकेचाळीस

खुणा धरायची जागा आली. तू अजून रेषेत आहेस. खिळा, खांब, डोलकाठी. असाच राहा.

तुझी शिडे फिरताना दिसतात. पुढचे टोक वळते आहे.

दहा वाजून त्रेचाळीस

खांबाच्या डावीकडे. एक बोट. दीड.

तू माझे ऐकतो आहेस.